कवायतीने माणूस सुधारतो का?

पोरगे हाताबाहेर गेले की आपल्याकडे घरातले कुणीतरी हमखास म्हणते, ‘मिलिटरीत घाला, सरळ होईल.’ अमेरिकेने हा उपाय गुन्हेगारांवर खरोखर करून पाहिला आणि, विशेष म्हणजे, त्याचा हिशोबही ठेवला.

‘बूट कॅम्प’ हा मुळात तिथल्या लष्करातल्या रंगरुटांच्या प्रशिक्षणाचा शब्द. १९८३ मध्ये जॉर्जिया आणि ओक्लाहोमा या राज्यांनी तो तुरुंगात आणला. पहिल्याच गुन्ह्यात सापडलेला, शक्यतो मारहाण-खून न केलेला तरुण निवडायचा. डोके भादरायचे. पहाटेपासून कवायत, धावणे, अंगमेहनत. शिक्षक तोंडाजवळ तोंड आणून ओरडणार आणि याने ताठ उभे राहून ‘येस सर’ म्हणायचे. तीन ते सहा महिने हे सोसले की उरलेल्या शिक्षेत मोठी सूट. कडक दिसायचे आणि तुरुंगातली गर्दीही हटवायची, अशी दुहेरी सोय राजकारण्यांना मिळाली. १९९५ पर्यंत राज्यांनी प्रौढांसाठी असे ७५ कॅम्प उभारले होते.

या विषयात शिरलो तेव्हा मीही फसलो होतो. कॅम्प पूर्ण केलेल्यांपैकी पुन्हा तुरुंगात आलेले किती आणि साध्या कैद्यांपैकी किती, अशी तुलना वाचून मला कॅम्प जिंकल्यासारखे वाटले. पण मध्येच गळालेली पोरे या आकड्यांत नसतात, हे उशिरा ध्यानात आले. नापासांना वगळून शाळेचा निकाल लावला, तर तो शंभर टक्केच लागणार.

डोरिस मॅकेन्झी या संशोधिकेने आठ राज्यांचे कॅम्प तपासले. पुढे डेव्हिड विल्सन आणि सहकाऱ्यांबरोबर तिने ३२ अभ्यासांतल्या ४३ तुलना एकत्र मांडल्या. काही ठिकाणी कॅम्पमधले बरे निघाले, काही ठिकाणी बाकीचे. एकूण गोळाबेरीज केली तर दोन्हीकडे पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण जवळपास सारखे. न्यूयॉर्क, इलिनॉय आणि लुईझियाना या तीन राज्यांत काही मोजमापांवर फरक दिसला. पण तिथे व्यसनमुक्ती, समुपदेशन आणि सुटकेनंतरची कडक देखरेख यांवर भर होता. मग श्रेय कवायतीचे की त्याचे? माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते, कारण नुसती कवायत होती तिथे काहीच हाती लागले नाही.

पैशाचे गणितही सरळ नाही. तुरुंगात जाणारच होता त्याला कॅम्पमध्ये घेतले तर त्याचे तुरुंगातले दिवस वाचतात, खर्च घटतो. पण एरवी प्रोबेशनवर सुटला असता अशाला ‘धडा शिकवायला’ आत घेतले, तर खर्च उलट वाढतो. आणि न्यायाधीशाला असा मोह पडतोच.

अमेरिकेला हे आधीच कळू शकले असते. ब्रिटनचे गृहमंत्री विल्यम व्हाइटलॉ यांनी १९८० मध्ये तरुण गुन्हेगारांच्या दोन केंद्रांत असाच कडक कार्यक्रम लावला. १९८४ मध्ये गृहखात्याच्याच संशोधकांनी सांगितले की पुन्हा गुन्हा करण्यावर काहीही परिणाम नाही. मला त्या अहवालातली एक बाब विसरता येत नाही. कवायत आणि व्यायाम पोरांना तुलनेने आवडत होते; त्यांच्याआधीचे रटाळ काम जास्त नकोसे होते! तरीही १९८५ मध्ये हाच कार्यक्रम अशा सर्व केंद्रांना लागू झाला. अहवालापेक्षा आपले ‘सरळ होईल’ हे वाक्य चिवट असते.

अमेरिकेत कॅम्प ओसरू लागले ते आकड्यांमुळे आणि तुरुंगातली जागा फारशी न वाचल्यामुळे. २००० पर्यंत ७५ पैकी ५१ उरले. फ्लोरिडात मात्र मुलांचे कॅम्प बंद झाले ते एका मृत्यूनंतर. ५ जानेवारी २००६ रोजी पनामा सिटीतल्या कॅम्पमध्ये, पहिल्याच दिवशी, धावताना चौदा वर्षांचा एक मुलगा थांबला. रक्षकांनी त्याला आवळून धरले, शुद्धीवर आणायला नाकाशी अमोनिया लावला. कॅमेऱ्यात सगळे टिपले गेले. दुसऱ्या दिवशी तो मेला. पहिल्या शवविच्छेदनात कारण रक्तातला दोष, दुसऱ्यात गुदमरणे. त्याच वर्षी त्या मुलाचे नाव दिलेल्या कायद्याने हे कॅम्प मोडीत काढले. २००७ मध्ये ज्यूरीने सातही रक्षकांना आणि परिचारिकेला निर्दोष ठरवले.

मुलाचा मूळ गुन्हा असा होता: नात्यातल्या पोरांबरोबर त्याने आजीची गाडी परस्पर नेली होती.