हिवाळा आणि आपले डोळे

दिवाळी सरली की भिलाईची हवा पालटू लागते. पावसाळ्यातील दमटपणा ओसरतो, उत्तरेकडून थंड व कोरडे वारे येऊ लागतात आणि पहाटेच्या गारठ्यात ठिकठिकाणी गोरसी पेटते. छत्तीसगढात मातीच्या शेगडीला हेच नाव आहे. याच दिवसांत डोळे चुरचुरणे, खडा गेल्याप्रमाणे खुपणे, संध्याकाळी लाल होणे अशा तक्रारी वाढतात. १९५९ साली पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्या सुमारापासून देशाच्या अनेक भागांतून येऊन येथे स्थायिक झालेल्या कुटुंबांना हा अनुभव नवा नाही. पण त्यामागील कारण ठाऊक असले, तर बराचसा त्रास टाळता येतो.

एखाद्या कामात दक्ष राहावयाचे असले, म्हणजे आपण ‘डोळ्यांत तेल घालून’ जपतो असे म्हणतो. निसर्ग हे काम खरोखरच करीत असतो. पापण्यांच्या कडांना असलेल्या सूक्ष्म ग्रंथींतून एक स्निग्ध द्रव पाझरतो. अश्रूंच्या पातळ थरावर त्याची साय पसरते व अश्रू लवकर सुकत नाहीत. पापणी मिटली की हा थर पुन्हा सारखा होतो. कोरड्या वाऱ्यात तो भराभर सुकतो. वाचताना किंवा संगणकाच्या व भ्रमणध्वनीच्या पडद्याकडे टक लावून पाहताना आपण पापण्या फार कमी वेळा मिटतो. त्यामुळे कोरडेपणात भरच पडते.

थंडीत डोळ्यांतून पाणी वाहते, मग डोळे कोरडे कसे, असा प्रश्न कोणी विचारील. कोरडेपणाने डोळा चिडला की पाणी एकदम लोटते. पण त्यात स्निग्धांश पुरेसा नसल्याने ते गालावर ओघळून जाते, डोळ्यात टिकत नाही. म्हणून पाणी वाहणे हे पुष्कळदा कोरडेपणाचेच लक्षण असते.

उपाय साधे आहेत. सायकलीवर किंवा मोटारसायकलीवर जाताना चष्मा लावावा. शेगडीचा धूर व पंख्याचा झोत तोंडावर घेऊ नये. बंद खोलीत तर शेगडी पेटवूच नये. तिच्या विषारी वायूने जीवही जातो. वाचताना दर वीस मिनिटांनी दूर पाहावे व पापण्या सावकाश मिटाव्यात. कोमट पाण्यात बुडवून पिळलेले स्वच्छ फडके मिटलेल्या डोळ्यांवर पाच-दहा मिनिटे ठेवल्यास ग्रंथींतील घट्ट झालेला द्रव मोकळा होतो. डॉक्टरांनी सुचविलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब घालण्यासही हरकत नाही.

डोळे मात्र चोळू नयेत. मध, गुलाबपाणी, कांद्याचा रस असले काही त्यांत घालू नये. काही सुरम्यांत शिसे आढळते, म्हणून तोही टाळावा. सर्वांत मोठा धोका आहे तो शेजाऱ्याने सांगितलेल्या थेंबांचा. काही थेंबांत स्टेरॉइड असते. त्याने लाली झटकन उतरते. परंतु देखरेखीवाचून ते वरचेवर घातल्यास डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि त्यात गेलेली दृष्टी परत मिळत नाही.

प्रत्येक खुपणारा डोळा हिवाळ्याचा नसतो, हे या पोलादनगरीत विशेष ध्यानात ठेवावयास हवे. घासकाम करताना उडालेला लोखंडाचा कण बुबुळात रुतला, तर अल्पावधीतच त्याभोवती गंज धरतो. तो घरी काडीने वा पदराने काढू नये. जोडकामाचा झगझगीत प्रकाश उघड्या डोळ्यांनी पाहिला, तर काही तासांनी, बहुधा रात्री, असह्य चुरचूर सुटते. अशा कामाच्या वेळी संरक्षक चष्मा किंवा मुखवटा लावण्याचा कंटाळा कधीही करू नये.

लहान मूल संध्याकाळी अंधुक उजेडात चाचपडत असेल व त्याचे डोळे निस्तेज, कोरडे दिसत असतील, तर तो दोष थंडीचा नसून ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाचा असू शकतो. त्याला तात्काळ डॉक्टरांना दाखवावे. हा अभाव मुळातच होऊ नये यासाठी पालेभाज्या, गाजर, पपई व येथे मुनगा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शेवग्याचा पाला मुलांच्या आहारात असावा.

तीव्र वेदना, नजर अंधुक होणे, उजेड सहन न होणे, पू येणे, यांपैकी काहीही दिसले तर थंडी ओसरण्याची वाट पाहू नये. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. उरलेला किरकोळ त्रास थोड्या काळजीने घरीच आवरता येतो.