परीवलय : एक भूछत्र आणि त्याची नावे

युरोप व उत्तर अमेरिका येथील कुरणांत उन्हाळ्यापासून शरदापर्यंत एक लहान, फिकट पिंगट भूछत्र वर्तुळाकार उगवते. मॅरॅस्मियस ऑरिएडिस हे त्याचे शास्त्रीय नाव. भाषाभ्यासकाने या प्रांतात का शिरावे, असे कोणी विचारील. या भूछत्राच्या नावांत लोकांची निरीक्षणे व समजुती एकत्र साठलेल्या आहेत, आणि त्यांची गल्लत प्राणावर बेतू शकते, हे त्याचे उत्तर होय.

या वर्तुळास इंग्रजीत 'फेअरी रिंग', म्हणजे पऱ्यांचे कडे म्हणतात; जर्मनमध्ये तेच 'हेक्सनरिंग', म्हणजे चेटकिणींचे कडे होते. रात्रीच्या नृत्याने गवत पालटते, ही त्यामागील कल्पना. या वर्तुळांचे मूळ भूछत्रात आहे, असे विल्यम विदरिंग यांनी १७९२ मध्ये प्रतिपादिले. कवकजाल जमिनीखाली एका बिंदूपासून सर्व दिशांना पसरत जाते. सेंद्रिय द्रव्याच्या विघटनाने मुक्त होणाऱ्या नायट्रोजनामुळे तेथील गवत गडद हिरवे होते. जेथे कवकजाल फार दाट होते तेथे मातीत पाणी मुरत नाही व गवत वाळते.

शास्त्रीय नावातूनही परी सर्वस्वी हद्दपार झालेली नाही. 'मॅरॅस्मियस' हे सुकणे, झिजणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. वाळलेले हे भूछत्र पावसात पुन्हा टवटवीत होते. 'ऑरिएडिस' या मात्र ग्रीक पुराणांतील पर्वतदेवता. म्हणजे नावाचा पूर्वार्ध निरीक्षणाचा, तर उत्तरार्ध पुराणाचा आहे.

याच भूछत्रास इंग्रजीत 'फेअरी रिंग शॅम्पिन्यॉन' असेही नाव आहे. परंतु 'शॅम्पिन्यॉन' हा मूळ शब्द फ्रेंचमध्ये कोणत्याही भूछत्राचा वाचक आहे, आणि जर्मनमध्ये अगॅरिकस या वेगळ्याच प्रजातीचा. शिवाय क्लिटोसायबी रिव्ह्युलोजा हे मस्करीनयुक्त विषारी भूछत्रही अशाच हिरवळीवर, अशाच वर्तुळांत उगवते. त्याच्या छत्रीखालील कल्ले दाट व देठावर किंचित उतरणारे असतात. मॅरॅस्मियसचे कल्ले विरळ व देठ चिवट असतो. वर्तुळ पाहून हा भेद कळत नाही.

आपल्याकडील 'अळंबी' व 'कुत्र्याची छत्री' ही विभागणीही उपयोगावर आधारलेली आहे, जातीवर नव्हे. म्हणून कोशकाराने 'परीवलय' हा शब्द वर्तुळापुरताच योजावा. जातीचे नाव म्हणून तो देऊ नये. तसे केल्यास एकाच नोंदीखाली खाद्य आणि विषारी अशी दोन्ही भूछत्रे येतील.