वाढते वय आणि मन : लेखांक सहावा — चारचौघांत पुकारलेली ओळख

गतसप्ताही परीक्षेच्या भीतीचा विचार केला. आज तिच्याच एका जवळच्या आप्ताकडे वळावयाचे आहे. मुलाच्या स्वतःच्या करणीशी ज्याचा काडीचाही संबंध नाही, परंतु त्याच्या जातीवर, वस्तीवर, बोलीवर किंवा मुलगा-मुलगी असण्यावर समाजाने जो आगाऊच मारून ठेवलेला असतो, त्या शिक्क्याचे मनावर काय परिणाम होतात, हा तो विषय. 'मुलींचे डोके गणितात चालत नाही', 'पोरगा असून रडतोस काय', 'कोट्यातले ते, त्यांना काय अवघड', 'पारध्याचे पोर आहे, पेटीला कुलूप घाला' ही वाक्ये आपल्याकडे इतक्या बिनदिक्कत उच्चारली जातात की, बोलणाऱ्याला आपण कोणाचा काही अपराध केला अशी शंकाही शिवत नाही. यांतील शेवटच्या वाक्याला तर एके काळी सरकारी दप्तराचा आधार होता. पारध्यांसारख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविणारा, १८७१ साली आरंभ झालेला गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. कायदा गेला, तरी वसतिगृहातल्या पेटीचे कुलूप मात्र अजून गेलेले नाही.

असा शिक्का मुलाला खरा वाटतो आणि म्हणून तो खचतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मला ती अपुरी वाटते, आणि तसे वाटण्यास कारण झालेला एक प्रयोग येथे थोडा विस्ताराने सांगितला पाहिजे. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या अर्थशास्त्रज्ञ विदुषींनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या ६४२ मुलग्यांना कागदावरच्या भुलभुलैया सोडविण्यास दिल्या. निम्मे मुलगे उच्च मानल्या गेलेल्या जातींचे, निम्मे नीच मानल्या गेलेल्या जातींचे, आणि सुटलेल्या कोड्यांच्या हिशेबाने रोख बक्षीस. जेथे जातीचा उल्लेखच झाला नाही, तेथे दोन्ही गटांच्या कामगिरीत सांगण्यासारखा फरक आढळला नाही. जेथे मात्र आरंभी प्रत्येकाचे नाव, गाव, वडिलांचे व आजोबांचे नाव आणि त्यापाठोपाठ जात सर्वांदेखत पुकारण्यात आली, तेथे कोडी तीच, वयही तेच, तरी खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी झपाट्याने घसरली. वस्तुतः त्या खोलीत एकमेकांची जात मुलांना ठाऊक नव्हती असे थोडेच आहे? फरक पडला तो ती मोठ्याने पुकारली गेल्यामुळे.

याहून मननीय भाग पुढेच आहे. ज्या तुकड्यांत बक्षिसाच्या वाटपात माणसाच्या मर्जीऐवजी चिठ्ठी टाकण्याची पद्धत आणली, तेथे जात पुकारूनही ही दरी उरली नाही. याचा अर्थ संशोधकांनी असा लावला की, आपल्यात बुद्धी नाही असे त्या मुलांना वाटत नव्हते. आपल्या श्रमाचे माप न्यायाने घातले जाणार नाही, हा त्यांचा अदमास होता. बारा-तेरा वर्षांच्या मुलाने जगाच्या अनुभवावरून बांधलेल्या अशा अदमासाला न्यूनगंड म्हणून मोकळे होणे ही आपली सोय आहे, एवढेच म्हणतो.

अमेरिकेत क्लॉड स्टील व जोशुआ अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या बाबतीत असाच परिणाम दाखविला होता. पुढील काळातील मोठ्या फेरतपासण्यांत तो प्रथम वाटला त्याहून क्षीण किंवा अनिश्चित ठरला, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. एकाच टोमण्याने मूल उद्ध्वस्त होते असे कोणी समजू नये. घात होतो तो पुनरावृत्तीने. आणि ज्या वयात मित्रमंडळींची नजर हाच आरसा असतो, त्या वयात ही पुनरावृत्ती फार लवकर मनात मुरते: मूल हात वर करीनासे होते, सहलीला नाव देत नाही, आडनाव सांगताना अडखळते, परीक्षेच्या सकाळी पोट धरून बसते, कारणाशिवाय चिडते, रात्री जागते.

आता आपल्या शाळांकडे पाहू. भर तासाला शिपाई सूचनावही घेऊन दारात उभा राहतो, गुरुजी फळ्याकडची मान वळवून वाचतात, 'सवलतीवाल्यांनी जातीचा दाखला घेऊन कचेरीत यावे', आणि पाचसात मुले बाकांच्या फटींतून वाट काढीत बाहेर पडत असताना उरलेला वर्ग त्यांच्याकडे पाहत असतो. यात कोणाचाही दुष्ट हेतू नसतो. काम लवकर उरकावे एवढीच कारकुनाची इच्छा असते. परंतु उत्तर प्रदेशातील त्या खोलीत जे घडले, ते येथे दरसाल, रीतसर शिरस्त्याने घडते. यादी वर्गात न वाचता पालकांकडे बंद लिफाफ्यातून चिठ्ठी पाठविण्याची तजवीज करण्यास ना खर्च लागतो, ना कोणाची मंजुरी.

मुलाने स्वतः काय करावे, हे सांगताना मला थोडा संकोच वाटतो, कारण शिक्का मारणाऱ्याला मोकळे सोडून तो पुसण्याची मेहनत ज्याच्यावर मारला त्याच्याच गळ्यात घालणे न्यायाचे नव्हे. तथापि काही उपायांना आधार आहे. परीक्षेत छाती धडधडते ती आपल्या नालायकीमुळे नव्हे, तर समाजाने मारलेल्या शिक्क्याच्या दडपणामुळे, एवढे आधी समजावून सांगितल्याने गणिताच्या चाचणीत तरुणींना लाभ झाल्याचे दिसून आले आहे. स्वतःला मोलाच्या वाटणाऱ्या गोष्टींविषयी, मग ते घरचे माणूस असो की ढोलकी, वर्गात थोडा वेळ लिहावयास लावल्याने सातवीच्या कृष्णवर्णीय अमेरिकन मुलांचे गुण सुधारल्याचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्याचेही फळ सर्वत्र सारखे मिळालेले नाही, पण लिहिण्याने अपाय तर काही नाही. टोमणा मारणाऱ्याला तिथल्या तिथे 'हे कशावरून म्हणतोस?' असे विचारणारा एक मित्र वर्गात असणे, हा माझ्या मते याहूनही मोठा आधार. तो मित्र सवलतीच्या यादीबाहेरचा असला तर अधिक बरे; त्याचे बोलणे स्वार्थाचे म्हणून उडवून लावता येत नाही.

झोप, भूक आणि शाळा ही तिन्ही दोनतीन आठवडे बिघडलेली राहिली, किंवा मूल जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलू लागले, तर मात्र उपदेश पुरे करून तज्ज्ञाकडे जावे. केंद्र सरकारची टेली-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र चालते आणि तेथे मराठीतही बोलता येते. मुलाने आपण होऊन फोन केला, तर 'घरातली गोष्ट बाहेर का सांगितलीस' हा प्रश्न पालकांनी त्याला विचारू नये.

पुढील लेखांकात : 'पोरगा असून रडतोस काय' या वाक्याची स्वतंत्र चौकशी.