नानांचं दफ्तर

सारोळ्याच्या उत्तरेला पुरंदर. दक्षिणेला नीरेचा पूल ओलांडला की शिरवळ, खंबाटकी, वाई आणि मेणवली. नाना फडणिसांचा कारभार जिथे आकाराला आला तो गड आणि त्यांचा मेणवलीचा वाडा, यांच्या मधलं हे गाव.

३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा खून झाला. कारभाऱ्यांनी त्यांच्या गरोदर पत्नी गंगाबाईंना पुरंदरावर नेलं. १८ एप्रिल १७७४ ला मुलगा झाला आणि चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावांच्या नावाने हुकूम सुटू लागले. कारभारी बरेच होते. शेवटी उरले नाना. कसे, ते मोडी कागद वाचताना उमगतं.

बातमीपत्र समोर आलं की मी मजकुराआधी पैवस्ती शोधतो, म्हणजे पत्र पोचल्याची नोंद. लिहिल्याची तारीख तिच्याशी ताडली की जासूदजोडीने वाट किती दिवसांत तुडवली ते कळतं. मग हात न उचलता ओढलेल्या ओळी: कोणाचं कोणाशी खलबत झालं, मुक्काम कुठे पडला, कोणत्या फौजेचा रोजमुरा थकला. दिल्लीहून हिंगणे लिहीत, निजामाकडून गोविंदराव काळे.

नाना मुळात फडणीस. सरदाराचा सरंजाम आणि बाकी त्यांच्या दफ्तरात, तो कोणाशी बोलतो हेही तिथेच. दोन्ही कागद शेजारी ठेवले की कोण फुटणार याचा अंदाज येतो. माझ्या मते त्यांचं खरं बळ हेच. फौजेसाठी त्यांना महादजी शिंद्यांकडे पाहावं लागे. १७७८ मध्ये चुलतभाऊ मोरोबांनी उठाव केला, ते कैदेत गेले. दुसरे कारभारी सखारामबापू कैदेतच वारले. आपल्या काळातही असंच काही दिसतं: पुतिन १९९८ मध्ये रशियाच्या गुप्तचर खात्याचे प्रमुख झाले आणि २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष. माहिती एका हाती साठण्याची ही वाट जुनीच आहे.

पण मर्जीतल्या माणसाविरुद्ध बातमी वर जात नाही. घाशीराम कोतवाल नानांचा माणूस. १७९१ मध्ये त्याने कोंडलेले वीसहून अधिक ब्राह्मण गुदमरून मेले, तेव्हा पुणं खवळलं आणि नानांना त्याला लोकांच्या हवाली करावं लागलं. निजामाच्या दरबारातली कुजबुज ज्यांना कळायची, त्यांच्याच शहरात हे घडलं, याचा मला आजही राग येतो.

सवाई माधवराव नानांच्या नजरेखालीच वाढले. ऑक्टोबर १७९५ मध्ये शनिवारवाड्याच्या माडीवरून पडून ते गेले, वय एकवीस. दफ्तर शाबूत होतं, जासूद धावत होते; पण ज्यांच्या नावाने कारभार चालायचा तेच उरले नव्हते. पुढच्याच वर्षी नानांना पुणं सोडून महाडकडे जावं लागलं. ते परतले, पुन्हा कारभारी झाले, आणि १७९७ च्या शेवटच्या दिवशी दौलतराव शिंद्यांच्या लोकांनी त्यांना कैद केलं.