बशीतलं पाणी कुठे गेलं?

आंतरराष्ट्रीय शाळा म्हटलं की आपल्याला आधी फी आठवते, मग एसी बस. वर्गात नेमकं काय चालतं, हे सहसा कुणी विचारत नाही. मार्चमध्ये इथल्याच, म्हणजे हैदराबादच्या, अशा एका शाळेत तिसरीच्या वर्गात मला आठवडाभर मागच्या बाकावर बसायला मिळालं.

अशा बऱ्याच शाळांत आयबी या संस्थेचा प्राथमिक कार्यक्रम असतो. त्याला पीवायपी म्हणतात. आयबी १९६८ साली जिनिव्हात स्थापन झाली. पीवायपी १९९७ मध्ये आला, ३ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी. त्यात सहा मोठी सूत्रं असतात. त्यातलं एक घ्यायचं आणि काही आठवडे भाषा, गणित, विज्ञान सगळं त्याच्याभोवती फिरवायचं. या वर्गाचं सूत्र होतं, 'जग कसं चालतं'.

सोमवारी बाईंनी धडा काढलाच नाही. व्हरांड्यात बशी, पेला आणि झाकणाची बाटली ठेवली, प्रत्येकात मोजून ५० मिली पाणी. उद्या काय दिसेल, ते मुलांनी आधीच लिहून ठेवायचं. बस, एवढंच.

मंगळवारी बशीतलं पाणी बरंच कमी झालेलं, पेल्यातलं किंचित, बाटलीतलं तेवढंच. एक मुलगा ठामपणे म्हणाला, "बशीनं पाणी प्यायलं." मला हसू आलं. बाई हसल्या नाहीत. हे खरं की खोटं ते कसं ठरवायचं, असं त्यांनी वर्गालाच विचारलं. बऱ्याच गोंधळानंतर एकीनं सुचवलं की स्टीलची ताटली ठेवू, स्टील कुठे पाणी पितं? बुधवारी ताटलीतलंही पाणी घटलं. म्हणजे भांडं नव्हे, उघडा पृष्ठभाग महत्त्वाचा. पाणी जितकं पसरेल तितकी त्याची वाफ लवकर होते. त्याच दिवशी कुणाचा तरी पाय लागून पेला लवंडला. तक्त्यात त्या घरात 'सांडलं' असंच लिहिलं गेलं, अंदाजानं आकडा भरला नाही. आपल्या कॉलेजच्या प्रयोगवह्या आठवून मी मान खाली घातली!

गुरुवारी बाईंनी मातीचा माठ आणला आणि 'प्यायलं'वाला मुलगा पुन्हा उभा राहिला. या वेळी तो बरोबर होता. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर झिरपतं, तिथे त्याची वाफ होते, ती वाफ उष्णता घेऊन जाते, म्हणून आतलं पाणी गार. शेजारच्या स्टीलच्या कळशीपेक्षा माठातला थर्मामीटर खाली उतरलेला सगळ्यांनी पाहिला.

तेवढ्यात एरवी गप्प बसणारी एक मराठी मुलगी म्हणाली, "आजी म्हणते, पावसाळ्यात माठ गार होत नाही." इंग्रजीत सांगताना ती अडखळली, तेव्हा बाईंनी तिला मराठीतच बोलायला सांगितलं आणि मला अर्थ सांगायला लावला. आजीचं बरोबर होतं. हवेत आधीच बाष्प भरलेलं असलं की वाफ मंद होते. भिंतीवरच्या तक्त्यात 'मटका' आणि तेलुगू 'कुंड' यांच्या शेजारी 'माठ' लिहिलं गेलं. आपली आपली भाषा अशा शाळेच्या फाटकापाशीच राहते, असं आपण घरी किती सहज बोलतो!

पीवायपीचं नाव परकं आहे, पण कल्पना आपल्याला अनोळखी नाही. गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्याला हातानं काम करत मातृभाषेतून शिकण्याची योजना मांडली होती. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आदिवासी मुलांना आसपासच्या वस्तूंतूनच शिकवत. बशी आणि माठाला फी लागत नाही. लागतो तो चुकीच्या उत्तरापाशी दोन दिवस थांबायचा वेळ, आणि साठ मुलांच्या वर्गात नेमका तोच नसतो, हेही खरं.

शुक्रवारी पालक आले. एका बाबांनी रात्र जागून थर्माकोलचं सुंदर जलचक्र आणलं होतं, निळा दिवासुद्धा लागत होता. मुलाला विचारलं तर तो बाबांकडे पाहू लागला. बाईंनी ते कौतुकानं खिडकीत ठेवलं आणि त्याला त्याची डागाळलेली वही उघडायला सांगितली. मग मात्र तो थांबेना. बशी, ताटली, सांडलेला पेला, सगळं सांगून झाल्यावर फळ्यावर त्यानं स्वतःच पुढचा प्रश्न लिहिला: पावसाळ्यात बशीतलं पाणी किती दिवस टिकेल?