देहलीवरचा दिवा

आश्विनाचा वद्य पक्ष लागला, की घरोघरी आवराआवरीला ऊत येतो. डबे घासले जातात, देव्हारा उजळला जातो, माळ्यावरची समई खाली उतरते. या सर्व लगबगीत गृहिणीचे मन ज्या एका स्थानी पुनःपुन्हा घोटाळते, ते स्थान म्हणजे घराचे दार. लक्ष्मी येणार ती याच वाटेने! म्हणून तोरण तेथे, रांगोळी तेथे आणि पणत्याही तेथेच. परंतु आजच्या सदनिकेच्या दारापुढे जागा असते ती जेमतेम दोन-तीन हात. एवढ्याशा जागेत हे सारे बसवावे कसे, असे कीर्तनानंतर अनेक माताभगिनी मला विचारतात. त्याचे उत्तर मी ग्रंथांतून शिकलो, असे म्हणणे असत्य ठरेल. ते मला स्वतःच्या दारात, मोठे मोल देऊन शिकावे लागले.

देहली आणि अंगण

अमरकोशाच्या पुरवर्गात ‘देहली’ आणि ‘अंगण’ हे शब्द एकमेकांस लागून येतात. देहली म्हणजे उंबरठा. कोशात जे शेजारी, ते जुन्या घरांतही शेजारीच असत. वाड्याच्या दारापुढे सडासंमार्जन केलेले अंगण असे. रांगोळी तेथे रेखली जाई. दाराच्या दोहों बाजूंस देवळ्या असत; पणती तेथे तेवत राही. वहाणा पडवीत सुटत, आला-गेला ओसरीवर टेके आणि चौकटीवरच्या गणेशपट्टीला तोरण शोभे. प्रत्येक कार्याला आपापले स्थान होते. आज अंगण गेले, पडवी गेली, ओसरी गेली, देवळ्याही गेल्या. त्यांची सर्व कामे मात्र राहिली आणि ती एकट्या उंबरठ्यावर येऊन पडली. दारातील गर्दीचे मूळ येथे आहे.

शास्त्रकारांनी या देहलीवरून एक सुंदर न्याय सांगितला आहे: देहलीदीपन्याय. उंबरठ्यावर ठेवलेला एकच दिवा घरातही उजेड पाडतो आणि अंगणातही. त्याचप्रमाणे वाक्याच्या मध्यावरील एखादे पद मागील व पुढील अशा दोन्ही भागांशी अन्वय साधते. नारदाच्या गादीवर उभे राहून हा न्याय मी किती वेळा विशद केला असेल, याची गणती नाही. परंतु माझ्या स्वतःच्या देहलीवरील दिवा कोणासाठी आहे, हा विचार मी कधी केला नव्हता.

ती वसुबारस

गोष्ट २०२२ सालच्या वसुबारसेची. त्या दिवसापासून आमच्याकडे दारात रांगोळी पडू लागते. सूनबाईंनी मोठ्या हौसेने दाराच्या बरोबर मध्यभागी पाच रंगांचे कमळ काढले होते आणि पाकळीपाकळीवर पणती ठेवली होती. एका अंगास चपलांची मांडणी, दुसऱ्या अंगास नातवाची सायकल, तिच्यावर ओल्या छत्र्या. दृष्ट लागावी अशी शोभा होती आणि पाऊल टाकायला जागा नव्हती. आमच्या मातोश्री तेव्हा पंचाऐंशी वर्षांच्या. गाय-वासराच्या पूजेहून त्या परतल्या. कमळावर पाय पडू नये म्हणून त्यांनी पाऊल बाजूस घेतले. ते वहाणांवर पडले. सावरण्यासाठी उचललेला दुसरा पाय संगमरवरी उंबऱ्याला अडखळला. खुब्याचे हाड मोडले.

त्या वेळी घरातील आम्ही सर्व जण आत होतो. हाक ऐकून प्रथम धावल्या त्या जिना झाडणाऱ्या मावशी. किती वर्षे त्या आमच्या दाराशी येत. परंतु आत बोलावले तरी “बाहेरच बरी” म्हणून फरसाण-लाडू हातात घेऊन परतत. खरे सांगायचे, तर आमचे बोलावणेही तोंडदेखलेच असे. त्या दिवशी त्यांनी कोणास विचारले नाही. मातोश्रींचे मस्तक मांडीवर घेतले आणि आम्ही पोहोचताच त्यांना उचलून आणताना उंबरठा ओलांडून त्या आत आल्या.

शस्त्रक्रियेनंतर अंथरुणावर पडल्या पडल्या मातोश्री एकदा म्हणाल्या, “अरे, लक्ष्मी यावी म्हणून दार सजवता, पण तिनं पाऊल ठेवायचं कुठं?” माझ्या साऱ्या कीर्तनांतील पूर्वरंग-उत्तररंग या एका वाक्यापुढे फिके पडले.

वाट आधी, शोभा नंतर

तेव्हापासून आमच्या दारात एक नियम आहे. आधी वाट मोकळी करावी आणि मग उरलेल्या जागेत सजावट करावी. दाराच्या मधला दीड-दोन हात पट्टा कोणत्याही वस्तूने अडवायचा नाही. नित्याच्या वापरातील तेवढ्याच वहाणा बाहेर. बाकीच्या आतील खणात. सायकलीला जिन्याखाली जागा, छत्र्यांना भिंतीवर खुंटी.

रांगोळी आता भिंतीच्या कडेला, हातभर चौकात निघते. तिचे सौंदर्य उणावले नाही. तांदूळ आणि फुले यांच्या रचना करणे ही आपल्या पूर्वजांनी चौसष्ट कलांतील एक कला गणली आहे. कलेला हातभर जागा पुरेशी असते. लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी दारापासून देव्हाऱ्यापर्यंत जाणारी पावले तेवढी मध्यावर, तीही पातळ ओल्या पिठाने रेखावीत, म्हणजे सुकल्यावर भुकटी पायाखाली सरकत नाही. तोरण आंब्याच्या पानांचे व झेंडूचे असावे, पण येणाऱ्याच्या मस्तकास लागू नये. पणत्या पितळी तबकात, पडद्यापासून आणि पदरापासून दूर ठेवाव्यात. सांडलेले तेल तत्काळ पुसावे. धनत्रयोदशीचा यमदीप दाराबाहेर, दक्षिणेकडे ज्योत करून ठेवतात. तोही वाटेच्या कडेला.

राहिला उंबरठा. तो काढून टाकावा, असे मुलाचे मत होते. माझे मन होईना. शेवटी विचार केला, की देहली ही मर्यादेची रेषा आहे. तिचे पावित्र्य तिच्या उंचीत नाही. सुताराकडून दोन्ही अंगांस उताराच्या फळ्या बसवून घेतल्या. मातोश्री आता चालण्याची चौकट पुढे सरकवीत त्यावरून जातात आणि दररोज सकाळी त्या उंबऱ्याला हळदकुंकू वाहण्याचा मान त्यांचाच आहे.

पंढरीचे महाद्वार

दाराचा महिमा आम्हा पंढरपूरकरांना कोणी निराळा सांगावा असे नाही. विठ्ठल मंदिराच्या महाद्वारी नामदेवांची पायरी आहे. संतांच्या पायांची धूळ मस्तकी पडावी म्हणून परंपरेनुसार १३५० साली नामदेवांनी तेथे समाधी घेतली. समोरच चोखोबांची समाधी आहे. जिवंतपणी ज्यांना आत प्रवेश नव्हता, त्या भक्तश्रेष्ठाची. पुढे सहा शतके ते दार त्यांच्या बांधवांना बंदच राहिले. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले, तेव्हा ते उघडले. महाद्वारावर तोरणे तर सदैव लागत होती. परंतु त्या दाराला खरी शोभा आली ती त्या दिवशी.

त्याच वर्षीच्या पाडव्याला मातोश्रींनी अंथरुणावरूनच आज्ञा केली, की मावशींना फराळ हातात द्यायचा नाही. बैठकीत पाट मांडला गेला. मावशी दारात क्षणभर थांबल्या, त्यांनी पायांतील वहाणा काढल्या. आणि त्या ठेवायला, त्या दिवाळीत प्रथमच, आमच्या दाराशी जागा होती. सूनबाईंनी त्यांना आत नेऊन पाटावर बसविले. तेव्हापासून हा परिपाठ दरवर्षी चालू आहे.

वाचकहो, यंदा आपण दारी पणती लावाल, तेव्हा तिचा उजेड घरात किती आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या मुखावर किती पडतो, हे क्षणभर न्याहाळावे. दोहोंकडे पडला, तर देहलीदीपन्याय आपल्या घरी सिद्ध झाला, असे समजावे. आपल्या सर्वांच्या दारी अशी मोकळी वाट आणि असा दुहेरी उजेड नित्य नांदो, हीच पांडुरंगचरणी प्रार्थना.