पिक्चर पाहिला, आता निबंध लिहा

बारावीच्या इंग्रजीला सिनेमा लावलाय म्हटल्यावर घरचे हसतात. पिक्चर बघायचा नि मार्क घ्यायचे, यात कसला आलाय अभ्यास! ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात मात्र हाच ‘सोपा’ भाग कित्येक मुलांना नकोसा होतो. तिथल्या बारावीच्या प्रमाणपत्रात, म्हणजे व्हीसीईत, इंग्रजी कुणालाच चुकत नाही. शाळा ज्या यादीतून अभ्यासाची पुस्तकं निवडतात, तिच्यात कादंबऱ्या-नाटकांच्या पंगतीला चित्रपटही असतात. हिचकॉकचा १९५४ सालचा ‘रिअर विंडो’ काही वर्षं या यादीत होता.

सिनेमा पहिल्यांदा सलग दाखवतात तेव्हा तो आवडतो. दुसऱ्यांदा बाई दर दोन मिनिटांनी थांबवतात. त्यानंतर वहीत रकाने पडतात: तंत्र, उदाहरण, परिणाम. मग निबंध. तोवर मुलांच्या मनातून सिनेमा उतरलेला असतो. वर एक शंका छळत राहते, की दिग्दर्शकाला हे सगळं खरंच म्हणायचं होतं, की बाईच काढतायत?

‘रिअर विंडो’पुरतं तरी या शंकेचं उत्तर देता येतं. त्यातलं अख्खं अंगण आणि समोरच्या इमारती पॅरामाउंटच्या स्टुडिओत उभारल्या होत्या. कुठल्या खिडकीत कोण, कधी दिसणार हे ठरवूनच. योगायोगाला तिथे फारशी जागा नव्हती.

सुरुवातच बघा. पडदे वर जातात, कॅमेरा अंगणातून फिरून येतो आणि घामेजलेल्या जेफवर, म्हणजे जेम्स स्ट्युअर्टवर थांबतो. पारा नव्वदीच्या पुढे. पुन्हा अंगणात एक फेरी, मग प्लास्टरमधला पाय, मोडका कॅमेरा, शर्यतीतल्या अपघाताचा फोटो, आणखी काही फोटो, एका बाईची निगेटिव्ह आणि तोच चेहरा असलेल्या मासिकांची चळत. हा माणूस कोण, पाय कसा मोडला, पोटापाण्यासाठी काय करतो, सगळं कळलं. आणि त्याच्या तोंडून अजून एक शब्द निघालेला नाही.

परीक्षेतली खरी अडचण इथेच आहे. कादंबरीतली वाक्यं अधोरेखित करता येतात, पाठ करता येतात. परीक्षेच्या खोलीत सिनेमा नसतो. तीन तासांत तीन लेखनप्रश्न, म्हणजे एकाच्या वाट्याला जेमतेम तास. पुरावा तर द्यायचाच. मग मुलं संवाद पाठ करतात, कारण संवादच तेवढे पाठ होतात. जिथे सिनेमा सगळ्यात जास्त बोलतो तिथे नेमके संवाद नसतात, आणि तो भाग निबंधात येतच नाही. किंवा येतो तो पाठ केलेल्या सूत्रासारखा: खालून घेतलेला शॉट म्हणजे सत्ता, वरून घेतलेला म्हणजे असहायता, अंधार म्हणजे गूढ.

माझ्या मते मुलांचा वैताग मुख्यतः या सूत्रांमुळे आहे, आणि तो रास्त आहे. सिनेमाचं असं चालत नाही, हे रशियात लेव कुलेशोव्हने शंभरेक वर्षांपूर्वीच दाखवायला घेतलं होतं. नटाचा एकच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या चित्रांना जोडला की त्याच चेहऱ्यावर भूक दिसते, शोक दिसतो. हिचकॉकने फ्रान्स्वा त्रुफोशी बोलताना हे ‘रिअर विंडो’लाच लावून दाखवलं. स्ट्युअर्ट बघतो, टोपलीतून खाली सोडलेलं कुत्रं दिसतं, तो हसतो. माणूस मायाळू वाटतो. कुत्र्याच्या जागी अर्धवट कपड्यांतली तरुणी ठेवा, हसू तेच राहू द्या. आता तो चावट म्हातारा! हसण्याचा क्लोजअप ‘काय दाखवतो’ हे मग रकान्यात कसं भरणार? अर्थ त्या एका शॉटमध्ये नाहीच, तो आधीच्या आणि नंतरच्या शॉटच्या मध्ये आहे.

अंगठीचा प्रसंगही असाच. बायकोच्या खुनाचा संशय असलेल्या थॉरवल्डच्या घरात जेफची मैत्रीण लिसा अडकलीय, पोलीस आलेत. ती पाठीमागे हात नेऊन बोटातली अंगठी पलीकडे बघत बसलेल्या जेफला दाखवते. अंगठी थॉरवल्डच्या बायकोची, म्हणून पुरावा आहे. ती लग्नाचीही आहे, आणि लिसाला जेफशी लग्न करायचंय. थॉरवल्डला तिचा हात दिसतो, आणि तो मान वर करून थेट लेन्समध्ये पाहतो. इतका वेळ जेफबरोबर आपणही चोरून बघत होतो. आता आपणही पकडले गेलो.

नागराज मंजुळेंच्या ‘फँड्री’त (२०१३) शेवटी जब्या धोंडा भिरकावतो तो कॅमेऱ्यावर. थिएटरात त्या क्षणी कुणाला तंत्राचं नाव आठवलं नाही, पण धोंडा कुणाला लागला ते सगळ्यांना कळलं. शिकवायचं असेल तर इथून शिकवावं: काय कळलं ते आधी विचारा, कशामुळे कळलं ते मग शोधा, नाव शेवटी सांगा. रकाने उलट्या क्रमाने भरायला लावतात.

पुण्यात हा धडा जुना आहे. मूळचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक असलेले सतीश बहादूर साठच्या दशकात आग्र्याहून फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आले आणि ‘पथेर पांचाली’ प्रसंग-प्रसंग सोडवून शिकवत राहिले. रसास्वादाच्या वर्गांतून गेलेली कितीतरी मंडळी तो अनुभव अजून सांगतात. तिथेही सिनेमा थांबवून, मागे नेऊन बघत. पण तासाभरात चार परिच्छेद लिहायची टांगती तलवार नव्हती, हेही खरं. इंग्रजीच्या बाईंना ती सवलत नाही, त्यामुळे सगळा दोष त्यांच्या माथी मारणंही बरं नव्हे.

मुलाने एवढं करून बघायला हरकत नाही. वीस संवाद घोकण्याऐवजी तीन प्रसंग निवडावेत आणि आवाज बंद करून पाहावेत. कुठल्या शॉटनंतर कुठला येतो, ते वहीत क्रमाने उतरवावं. अंगठीचा प्रसंग पाच-सहा ओळींत बसतो. संशय, लग्न, चोरून बघणं, प्रश्न यातल्या कशावरही आला तरी तो उपयोगी पडतो, आणि त्यासाठी एकही वाक्य पाठ लागत नाही.